भटकंतीचे प्रश्न: पनामा कालव्याची क्रूझ ठरवताना

मागच्या अंकात मुंबई-गोवा क्रूझबद्दल लिहिताना शेवटी पनामा कालव्याचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून एकत्र केलेत, ज्यांचं नाव-गाव दिसत नसेल त्यांनी रागावू नका, उत्तर यातच कुठेतरी सापडेल.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं रिटायर्ड, मुलगा सॅन होजेला असतो. येत्या एप्रिलमधे तिकडे जाणार आहोत तर तो म्हणतोय पनामा कॅनॉल क्रूझ करा. नेटवर एक फ्लोरिडाहून निघून दहा रात्रींनी फ्लोरिडालाच परत येणारी दिसते आणि एक पंधरा रात्रींची लॉस एंजेलिसला संपणारी. दोन्हीवर पनामा कॅनॉल असंच लिहिलंय, मग जास्त पैसे कशाला द्यायचे? (डोंबिवली)

काका, दोन्हीवर पनामा लिहिलेलं असलं तरी दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जी फ्लोरिडालाच परत येते ती पार्शल ट्रान्झिट. म्हणजे जहाज कॅरेबियनच्या, म्हणजे अटलांटिकच्या बाजूने गातून लॉकमधून (लॉक म्हणजे दरवाजे असलेली काँक्रीटची मोठी खोली, तिच्यात पाणी भरून जहाज वर उचलतात नाहीतर पाणी सोडून खाली आणतात) वर चढतं, गातून तलावात जातं, ज्यांनी सहलीचे पैसे भरलेत त्यांना उतरवतं आणि आल्या वाटेने खाली येऊन परत फिरतं. पॅसिफिक महासागर दिसत नाही, डोंगर कापून काढलेला भाग दिसत नाही, निम्म्याहून जास्त कालवा राहूनच जातो. दुसरी ती फुल ट्रान्झिट, या महासागरातून त्या महासागरात, साधारण ८० किलोमीटर आणि आठ ते दहा तास.

माझं स्पष्ट मत विचाराल तर तब्येत आणि खिसा परवानगी देत असेल तर फुलच करा. का ते सांगते. हा कालवा म्हणजे सपाट जमिनीत खणलेला चर नाही, मधे डोंगर आहे, म्हणून जहाज आधी तीन टप्प्यांत २६ मीटर वर उचलतात, वर तलावातून चालवतात आणि पलीकडे परत तीन टप्प्यांत खाली सोडतात, पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन. आणि तलाव संपून पेद्रो मिगेल यायच्या मधे जो १३ किलोमीटरचा पट्टा आहे ना, कुलेब्रा कट, तो या सगळ्याचा गाभा आहे. सुएझ करून दाखवलेल्या फर्डिनांड द लेसेप्सने १८८१ मधे इथे फ्रेंच कंपनीचं काम सुरू केलं, सुएझसारखाच समुद्रसपाटीचा कालवा काढायचं त्याच्या डोक्यात होतं, पण पावसात डोंगर घसरत राहिला, पिवळा ताप आणि मलेरियाने माणसं मरत राहिली आणि १८८९ मधे कंपनी बुडाली. त्या काळात वीस हजारांच्या वर माणसं गेली असं मानतात. मग १९०४ पासून अमेरिकेने काम हातात घेतलं, डॉक्टर विल्यम गोर्गास यांनी आधी डासांचा बंदोबस्त केला, आणि १५ ऑगस्ट १९१४ ला आंकोन नावाचं जहाज रीतसर पार झालं. तरी अमेरिकन काळातही साडेपाच हजारांच्या वर मृत्यू झालेत, आणि त्यातले बहुतेक बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून आणलेले काळे मजूर होते, ज्यांना पगार चांदीच्या नाण्यांत आणि गोऱ्यांना सोन्याच्या, राहायची-जेवायची सोयसुद्धा वेगळी. कुलेब्रातून जाताना दोन्ही बाजूंना पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला डोंगर दिसतो तेव्हा हे माहीत असेल तर बघण्यात फरक पडतो हो. म्हणून म्हणते, तेवढा भाग वगळून पनामा बघितला असं म्हणणं मला तरी पटत नाही.

आता तुमच्या सोयीचं. मुलगा कॅलिफोर्नियात आहे तर फ्लोरिडाहून चढा आणि कॅलिफोर्नियात उतरा, लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगो, काही जहाजं तर सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातात, तिथून मुलाचं घर गाडीने तासा-दीड तासावर. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे मागे जातं म्हणजे मधेमधे रात्री एकेक तास जास्त झोप मिळते, उलट दिशेने तोच तास जातो, आपल्या वयाला हे जाणवतं. आणि एप्रिल चांगला आहे कारण कॅरेबियनमधली बरीच जहाजं उन्हाळ्यासाठी अलास्काकडे न्यायची असतात, ती याच सुमाराला कालव्यातून जातात, त्यामुळे चॉइस असतो आणि भाव पण जरा उतरलेले असतात. शिवाय तिकडचा कोरडा मोसम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. मे ते नोव्हेंबर पाऊस, बहुतेक दुपारनंतर कोसळतो.

एक अजून, या फुल ट्रान्झिटमधे कोलंबियातलं कार्टाहेना नाहीतर अरूबा, कुरासाओ असं एखादं बंदर हमखास दिसेल, ते नुसतं हौसेने ठेवलेलं नसतं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात सोडायचे असतील तर मधे एक दूरचं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, आणि बहुतेक सगळी क्रूझ जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा अशाच झेंड्यांची असतात. म्हणून मधेच कुठे उतरायचा किंवा उशिरा चढायचा विचार असेल तर कंपनीला आधी विचारल्याशिवाय काही करू नका, दंड लागतो आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो.

प्रश्न: कुठलं जहाज घ्यावं? मोठ्या नवीन जहाजात सोयी जास्त आहेत. आणि बाल्कनीवाली केबिन घेतली तर कालवा केबिनमधूनच दिसेल ना? डावी बाजू की उजवी? (पुणे)

जहाजाचे रेस्टॉरंट आणि स्विमिंग पूल नंतर बघा, आधी विचारा की हे जहाज जुन्या लॉकमधून जाणार की नव्या. बुकिंग एजंटला हे बऱ्याचदा माहीत नसतं, पण कंपनीला विचारलं तर कळतं.

जुने लॉक १९१४ चेच, ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब. त्यात बसणारं जास्तीत जास्त रुंद जहाज ३२.३ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन दोन फूट जागा, खालच्या डेकवर उभं राहिलात तर काँक्रीटची भिंत हाताला लागेल असं वाटतं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना रुळांवरून इलेक्ट्रिक इंजिनं चालतात, त्यांना तिथे म्यूल म्हणतात, ती तारांनी जहाज मधोमध धरून ठेवतात. दरवाजे बंद होतात, पंप वगैरे काही नाही, वरच्या तलावाचं पाणी नुसतं उताराने खालच्या खोलीत येतं आणि आठ-दहा मिनिटांत एवढं अजस्र जहाज अलगद वर येतं, कुठे धक्का नाही की आवाज नाही.

नवे लॉक २६ जून २०१६ ला सुरू झाले, अटलांटिककडे आग्वा क्लारा आणि पॅसिफिककडे कोकोली, ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. त्यात म्यूल नाहीत, पुढे-मागे टगबोटी असतात, दरवाजे बाजूला सरकतात, आणि शेजारी पाणी साठवायचे मोठे हौद दिसतात. तेही बघण्यासारखं आहेच पण भिंती लांब असतात आणि ती जुनी यंत्रणा जवळून दिसत नाही. मला विचाराल तर मध्यम आकाराचं, जुन्या लॉकमधून जाणारं जहाज घ्या, सोयी थोड्या कमी असल्या तरी चालेल. अगदी सगळ्यात मोठी जहाजं तर इथे येतच नाहीत, पॅसिफिकच्या तोंडावर जो ब्रिज ऑफ द अमेरिकाज आहे त्याच्याखाली भरतीला साधारण ६१ मीटर जागा असते, त्यांची उंचीच आड येते.

बाल्कनीचं म्हणाल तर बाकीच्या दिवसांसाठी छान, कालव्याच्या दिवसासाठी अजिबात गरज नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, आणि समोरून दरवाजे उघडताना बघायचे असतील तर पुढच्या डेकवरच जावं लागतं. बऱ्याच कंपन्या त्या दिवशी जहाजाचं एरवी बंद असलेलं नाकाकडचं डेक उघडतात, पहाटे साडेपाचलाच जाऊन जागा धरा कारण सहा-सात वाजता पहिलं लॉक आलं की तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग तलावात जहाज असेल तेव्हा खाली येऊन निवांत जेवा, थोडं पडा, कारण तो भाग संथ आहे, आणि कुलेब्राच्या आधी परत वर. मिराफ्लोरेसला मात्र मागच्या डेकवर जा, तिथून मागे तलावाचं पाणी वर आणि आपण खाली असं एकाच नजरेत दिसतं. पॅसिफिकला भरती-ओहोटीचा फरक पाच-सहा मीटरपर्यंत असतो, अटलांटिकला फूट-दीड फूट, म्हणून मिराफ्लोरेसचे दरवाजे सगळ्यात उंच, २५ मीटर.

डावी-उजवी यात फार अडकू नका. आणि हो, सकाळी सूर्य बघून गोंधळू नका, अटलांटिककडून पॅसिफिकला जाताना जहाज पश्चिमेला नाही तर आग्नेयेला जातं, जमिनीचा आकारच तिथे तसा वाकडा आहे, पॅसिफिकचं टोक अटलांटिकच्या टोकाच्या पूर्वेला येतं. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, दुर्बीण. ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखं, घाम थांबत नाही. जहाजावर पायलट चढतो आणि कालव्यातून जाताना जहाजाचा ताबा कॅप्टनकडे नाही तर त्याच्याकडे असतो, लाऊडस्पीकरवर माहिती पण चालू असते, ती ऐका, हेडफोन लावून बसू नका.

प्रश्न: यलो फीव्हरची लस घ्यावीच लागते का? नवऱ्याचं वय ६६ आहे, डॉक्टर नको म्हणतात. आणि व्हिसा किती देशांचे काढायचे? (नाशिक)

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि ट्रॅव्हल एजंट सगळ्यात कमी बोलतात तो हाच. कालव्याच्या पट्ट्यात आणि पनामा सिटीत सर्वसाधारण प्रवाशाला या तापाचा धोका मानत नाहीत, तो पनामाच्या पूर्वेकडच्या जंगलात. पण आपलं सरकार पट्टा बघत नाही, देश बघतं. पनामा आणि कोलंबिया दोन्ही भारताच्या यलो फीव्हरवाल्या देशांच्या यादीत आहेत, आणि अशा देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या सर्टिफिकेटशिवाय भारतात उतरलात तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमधे जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत.

आता यात दिशा कामाला येते. फ्लोरिडाहून निघून कॅलिफोर्नियाला संपणारी क्रूझ असेल तर कालव्यानंतर मेक्सिको वगैरे करत पोचेपर्यंत आठवडा सहज उलटतो, त्यात मुलाकडे राहणं झालं की सहा दिवसांचा प्रश्न आपोआप मागे पडतो. उलट दिशेने आलात तर कालवा, कार्टाहेना आणि लगेच दोन-तीन दिवसांत फ्लोरिडा, तिथून दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान पकडलंत तर अडकाल. लस नको असेल तर पश्चिमेला जाणारी क्रूझ घ्या आणि परतीच्या आधी मुक्काम ठेवा.

लस साठीच्या पुढच्यांना दिल्यावर गंभीर त्रास व्हायची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते हे खरं आहे, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर देतच नाहीत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं ऐका, त्यांच्याकडून लस का देता येत नाही त्याचं पत्र घ्या. पण त्या पत्राने क्वारंटाइन टळेलच असं धरून चालू नका, म्हणून तारखा वरच्यासारख्या ठेवा. ज्यांना घ्यायचीय त्यांनी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थची केंद्रं आहेत, अपॉइंटमेंट घ्यावी लागते म्हणून आधीपासून बघा. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. वाटेत कोस्टा रिका असेल तर तेही कोलंबियाहून येणाऱ्यांकडे हे सर्टिफिकेट मागतात, क्रूझच्या प्रवाशांना लागू आहे का ते कंपनीकडून लिहून घ्या.

व्हिसाबद्दल, अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा पाहिजेच, कारण जहाज अमेरिका सोडतं आणि परत अमेरिकेत शिरतं. तो असला की वाटेतले बरेच देश भारतीय पासपोर्टवाल्यांना वेगळा व्हिसा मागत नाहीत, पण अटी असतात, कुठे व्हिसा एकदा वापरलेला हवा, कुठे ठरावीक महिने शिल्लक हवेत, आणि या अटी बदलतात. म्हणून बुकिंग करताना सगळ्या बंदरांची यादी आणि तुमचा पासपोर्ट भारतीय आहे हे सांगून कंपनीला ईमेल करा आणि उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवरचं काही धरू नका. एका देशाचा व्हिसा नसला तरी जहाजावर चढू देत नाहीत, त्या बंदरात उतरणार नाही म्हणालात तरी. परत अमेरिकेत शिरल्यावर आय-नाइन्टीफोरची (म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीची) तारीख ऑनलाइन बघून घ्या.

प्रश्न: मी एच-वन-बीवर आहे, न्यू जर्सी. आई-बाबांना घेऊन जायचंय. पासपोर्टवरचा माझा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय पण ॲप्रूव्हल आहे, क्रूझला चालेल ना?

नाही चालणार. संपलेल्या स्टॅम्पवर परत यायची जी सवलत आहे ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या ट्रिपसाठी, त्यात कोलंबिया-पनामा बसत नाहीत. आई-बाबा आत येतील आणि तू बाहेर राहशील. आधी स्टॅम्पिंग कर किंवा त्यांना दोघांनाच पाठव, जहाजावर त्यांची छान सोय होते.

प्रश्न: आईला बोट लागते. शिवाय ती कांदा-लसूणही खात नाही. (कोल्हापूर)

कालव्यात काहीच लागणार नाही, तलावाचं पाणी स्थिर असतं. त्रास होतो तो आधी-नंतर. डिसेंबर ते फेब्रुवारी कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ कॅरेबियन समुद्र खवळलेला असतो, आणि पॅसिफिककडे मेक्सिकोच्या दक्षिणेला तेवांतेपेकचं आखात लागतं, तिथे हिवाळ्यात डोंगरातून जोराचे वारे सुटतात. त्यामानाने एप्रिल बरा. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारून. त्याआधी आईला मुंबई-गोवा क्रूझवर दोन रात्री नेऊन बघा ना, पावसाळा सोडून, खर्च कमी आणि लागतं की नाही ते कळेल.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, जैन म्हटलं तर मोठ्या कंपन्यांना कळतं. पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला जाऊन भेटा. या जहाजांवर गोव्याची मुलं खूप असतात, किचनमधे, डायनिंगमधे, हाऊसकीपिंगमधे, सहा-आठ महिने घरापासून लांब राहून काम करतात, आपली भाषा ऐकली की बोलतात, मदत करतात. त्यांना टिप हातात द्या, रोजचा सर्व्हिस चार्ज वेगळा असला तरी.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवतो. दर जहाजामागे गोडं पाणी समुद्रात जातं असं वाचलं. दुष्काळात कालवा बंद पडला तर आमची क्रूझ? (सातारा)

सर, बरोबर वाचलंत. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं आणि ते शेवटी समुद्रातच जातं. नव्या लॉकच्या शेजारी जे हौद आहेत ते यासाठीच, त्यात सुमारे ६० टक्के पाणी परत वापरता येतं. हे पाणी चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेल्या गातून तलावाचं, आणि पनामा सिटी, कोलोन या शहरांचं पिण्याचं पाणीही याच व्यवस्थेतून येतं, म्हणजे जहाज आणि माणूस एकाच भांड्यातून पितात. २०२३ मधे एल निन्योमुळे पाऊस इतका कमी झाला की रोजची साधारण ३६ जहाजं कमी करत करत त्याच वर्षाच्या डिसेंबरमधे २२ वर आणावी लागली, मालवाहू जहाजांच्या रांगा लागल्या. पाऊस झाल्यावर आकडा परत वर आला. क्रूझ जहाजांच्या पार व्हायच्या तारखा खूप आधी बुक केलेल्या असतात त्यामुळे त्यांना फटका कमी बसतो, तरी अटींमधे मार्ग बदलायचा हक्क कंपनी ठेवते तो वाचून घ्या.

पण तुमच्या मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. १९१३ मधे ते धरण झालं तेव्हा चाग्रेसच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोरादो, आज तिथे स्मिथसोनियनचं संशोधन केंद्र आहे. आणि आता पाणी पुरावं म्हणून इंदिओ नदीवर नवीन धरणाचा बेत आहे, त्यात परत खोऱ्यातली गावं उठणार आहेत आणि तिथले शेतकरी विरोध करतायत. कोयनेच्या पाण्याखाली कोणाची गावं गेली हे तुमच्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. आपण डेकवर उभं राहून बघतो ते पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं, एवढं मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: सुएझमार्गे क्रूझ करावी का? ती जवळ पडेल. (ठाणे)

सुएझ १९३ किलोमीटर, एकही लॉक नाही, जहाज सरळ वाळवंटातून ताफ्याने जातं, शांत आणि वेगळंच दृश्य असतं. पण २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून क्रूझ कंपन्यांनी बरेच मार्ग रद्द केले किंवा आफ्रिकेला वळसा घालून नेले. त्यामुळे जाहिरातीत सुएझ दिसलं तरी रिफंड न होणारं विमान तिकीट काढू नका. लॉक आणि कालवा दोन्ही बघायचे असतील आणि युरोपच करायचंय तर जर्मनीचा कील कालवा आहे, ९८ किलोमीटर, दोन्ही टोकांना लॉक, काही बाल्टिक क्रूझ त्यातून जातात.

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला असतो, दोघांना मिळून चारच दिवस सुटी आहे. क्रूझ शक्य नाही. नुसतं जाऊन बघता येईल का?

येईल की, आणि चांगलं बघता येईल. विमानाने पनामा सिटीला जा, मिराफ्लोरेसला व्हिजिटर सेंटर आहे, गॅलरीतून लॉक अगदी समोर दिसतं. सकाळी लवकर किंवा दुपारी दोन-तीननंतर जा, मधल्या वेळात एका बाजूची जहाजं पुढे गेलेली असतात आणि दुसऱ्या बाजूची पोचलेली नसतात, बरेच लोक नेमके बारा वाजता जाऊन रिकामं लॉक बघून येतात. दुसऱ्या दिवशी पार्शल ट्रान्झिटची छोटी टूरिस्ट बोट घ्या, ती पॅसिफिककडच्या तिन्ही टप्प्यांतून आणि कुलेब्रातून नेते, म्हणजे फ्लोरिडाच्या पार्शल क्रूझमधे जे राहतं नेमकं तेच यात मिळतं. छोट्या बोटीत असल्यामुळे शेजारी उभं राहिलेलं मालवाहू जहाज खालून बघायला मिळतं, ते क्रूझच्या डेकवरून कधीच दिसत नाही. अख्खा कालवा पार करणाऱ्या बोटी पण असतात पण ठरावीक दिवशीच, म्हणून आधी बोटीची तारीख पक्की करा आणि मग विमान. बोटीला लॉकमधे कधी घेणार ते मोठ्या जहाजांच्या रांगेवर ठरतं, संध्याकाळ होऊ शकते, तेव्हा परतीचं फ्लाइट त्याच दिवशीचं घेऊ नका.